आराशीतला बिगुलवाला

नांदेडच्या दयानंदकडे युद्धखेळाच्या पटावर मांडायचे धातूचे अकरा घोडेस्वार होते. ते घडवणारा शिल्पकार वारला आणि साचेही मोडीत निघाले. बारावा, बिगुलवाला, दयानंद सहा वर्षं शोधत होता. शेवटी तो दिसला फेसबुकवरच्या एका फोटोत. जळकोटच्या साखराबाईंच्या घरी, महालक्ष्मींपुढच्या आराशीत, लाडवांच्या ताटाशेजारी तो उभा होता.

महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं त्याच दिवशी दयानंद त्यांच्या दारात हजर झाला.

"मावशी, तो घोडेस्वार मला विकत द्या."

"लक्ष्मीपुढचं इकत न्हाईत, बाबा. अन् तिच्यापुढची जागा बी मोकळी ठेवत न्हाईत."

"मग बदल्यात हा घ्या." त्याने प्लास्टिकचा शिपाई पुढे केला.

साखराबाईंनी तो तळहातावर तोलला. "फुंकलं तर उडंल हे! लक्ष्मीला फसवायलास व्हय?"

दयानंदने रंग जुळवून पाहायला आपल्या अकरांतला एक भालेवाला सोबत आणला होता. त्याने तोच त्यांच्या हातावर ठेवला.

"हां, हे हाय वजनाचं," म्हणत त्यांनी बिगुलवाला दिला.

म्हणजे संग्रह पुन्हा अकराचाच राहिला. पण भालेवाले एकेकाळी शेकड्यांनी निघाले होते. नांदेडला परतताना बस लोह्याला पोचायच्या आत दयानंदने मोबाइलवर नव्या भालेवाल्याचा शोध सुरू केला.