पुसट माशी

डोळ्यांपुढं माशी नाचायला लागली की लोक डॉक्टरकडे जातात. मी गेलो ते माशी दिसेनाशी झाली म्हणून.

आमच्या एअर रायफलच्या नळीच्या टोकाला एक छोटं कडं बसवतात, त्याला आम्ही माशी म्हणतो. डोळ्याजवळच्या छिद्रातून बघायचं, त्या कड्यात लांबचा काळा गोल बसवायचा आणि चाप ओढायचा. शिवाजी पेठेजवळच्या एका जुन्या गोदामात आमची रेंज होती. नव्वद सालानंतर मी आणि माझा दोस्त तिथं शेजारीशेजारी उभे राहून नेम धरायला लागलो, ते पंधरा वर्षं. दोघंही एकाच तालमीची माती खाल्लेले. त्याच्या लग्नात मी रुसलेल्या मामाची समजूत काढली. माझ्या लग्नात तो स्वतःच रुसला. एवढी दोस्ती.

पंचेचाळिशीत माझी माशी पुसट झाली. नेमका त्याच वर्षी प्रौढ गटाचा संघ पुण्याला जायचा होता. संघ तिघांचा. दोघं नक्की होते. तिसरी जागा माझी की दोस्ताची, ते महिन्याभरात ठरणार होतं. मला नवरदेवासारखी हौस आली होती. बायकोनं माझं नेमबाजीचं जाकीट पोटावर उसवून सैलसुद्धा करून दिलं होतं.

दोस्ताला डोळ्यांचं सांगितलं. तो चहात मिशी बुडवत म्हणाला, "माशी गेली उडत. तू काळा गोल बघ की. गोल ठळक दिसाय पायजे."

"आणि माशी?"

"लहान भोकाची घाल. भोक बारीक, तर नेम बारीक. एवढं कळंना व्हय तुला?"

त्यानं स्वतः डबीतली सगळ्यात बारकी माशी निवडली, माझ्या बंदुकीला बसवली आणि वर फुंकर मारली. मी महिनाभर डोळे ताणून काळ्या गोलाकडं बघत राहिलो आणि गोळ्या माझ्या निशाणाच्या कार्डावर जत्रेतल्या माणसांसारख्या पांगत राहिल्या. तो रोज माझं कार्ड बघायचा, उसासा टाकायचा. "वय झालं गड्या आपलं." त्यातलं 'आपलं' मला फार आवडायचं.

निवडीत त्यानं मला नऊ गुणांनी हरवलं. सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो. त्याला फेटाही मीच बांधला.

मग आठवड्यानं डॉक्टरकडे गेलो.

"काय त्रास?"

"माशी पुसट दिसते."

"एकच दिसते की पुष्कळ?"

"एकच. बंदुकीवरची."

डॉक्टर हसायला लागले. "दोन महिन्यांत माशीवाले तुम्ही दुसरे. पहिल्यांच्या डोळ्यांत तर मी औषध घालून बसवलं होतं. मग त्यांनीच समजावलं. माशी ठळक हवी, गोल पुसट असला तरी चालतो, तेव्हा भिंग माशीच्या अंतरापुरतं द्या म्हणाले. शिवाय चाळिशीनंतर माशी मोठ्या भोकाची बरी, लहानीत सगळा काळाच गोंधळ होतो. मिशीवाले गृहस्थ. तुमच्याच क्लबातले असतील."

समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचा म्हटल्यावर मी पहिलीच ओळ तीनदा वाचली.

तिथून थेट रेंजवर गेलो. दोस्त सराव करत होता. नाकावर चष्मा. गाडीवर डोळ्यांत धूळ जाते म्हणून घेतलाय, असं त्यानं मला सांगितलं होतं. मी तो त्याच्या नाकावरून काढला, माझ्या डोळ्यांवर चढवला आणि त्याची बंदूक उचलली. मोठ्या भोकाची माशी शाईनं काढल्यासारखी काळी कुळकुळीत दिसली. तिच्या मधोमध गोल, जरा पुसट, पण शहाण्यासारखा बसलेला.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणालो.

तो माश्यांच्या डबीचं झाकण लावायला लागला. "जागा एकच हुती की रं," एवढंच बोलला.

मी चष्मा रुमालानं पुसून त्याच्या हातात दिला. पुसायची काय गरज होती, देव जाणे.

त्याच्या जागी मी असतो तर सांगितलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारलाय, लबाडी करायची पूर्ण मुभा देऊन. दरवेळी उत्तर 'हो' येतं, आणि तेच जास्त सलतं.

पुण्याहून तो पदक घेऊन आला, क्लबात पेढे वाटले. मी दोन खाल्ले. चांगले होते. दुसऱ्या दिवसापासून मी पार पलीकडची, भिंतीलगतची जागा धरली. तिथं उजेड कमी आहे.