धाकट्या बेटावरचं भेकर

धरण भरलं तेव्हा इथल्या दोन टेकड्यांची बेटं झाली. मोठ्यावर अजून मोर, साळिंदरं, भेकरं नांदतात. धाकट्यावर एकच भेकर उरलंय. आज मासेमारीच्या नावेतून ते पाण्याशी उभं दिसलं.

"जागाच एवढीशी, लेका," दत्तूकाका म्हणाले. "एक मेलं की दुसरं येणार कुठनं?"

सातवीत शाळा सुटलेल्या मला काकांनीच या परमुलखात कामाला लावलं, पोटच्या पोरासारखं सांभाळलं. मोठ्या गावातून एखादा गेला तरी बोली मागे राहते. आमच्या खोलीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, आणि उद्या काका कायमचे गावी निघालेत.

"घाबरतोस काय? मासे आहेत की बोलायला!"

मी हसलो. मग म्हटलं, "काका, बोला ना काहीतरी."

"काय बोलू रे?"

"काहीही. फक्त किनारा येईपर्यंत बोलायचं थांबू नका."