टाकीतलं औषध

ती सकाळ आजही आठवली की मी गोंधळतो. संशयित समोर होता, साक्षीदार होता, कबुलीसुद्धा मिळाली होती, आणि तरी प्रकरण काही केल्या जुळत नव्हतं.

पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. ठाणे अंमलदाराला एका टेम्पोचालकाचा फोन आला, "पॅकहाऊसच्या टाकीवर चढून एक जण पाण्यात औषध टाकत होता, साहेब. मी डोळ्यांनी बघितलं. इथं लोकं ओकतायत, लवकर या." आमच्या द्राक्षपट्ट्यात औषध म्हणजे फवारणीचं. अमका औषध प्याला असं कुणी म्हटलं, की आम्ही पंचनाम्याचे कागद काखोटीला मारूनच निघतो. अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि आम्ही जीप काढली.

द्राक्षं पेट्यांत भरणाऱ्या त्या पॅकहाऊसला गावची नळयोजना नव्हती. स्वतःची बोअर, स्वतःची टाकी. त्याच टाकीचं पाणी सुरगाण्याकडून हंगामासाठी आलेले मजूर मागच्या खोल्यांत राहून पीत होते. आम्ही पोचलो तेव्हा आजाऱ्यांना टेम्पोत घालून ग्रामीण रुग्णालयात नेणं चाललं होतं. मॅनेजर आमची वाटच बघत होता. बोअरचा पंप चालवणाऱ्या मजुराचं नाव त्याने न विचारताच सांगितलं.

"काल माझ्याशी भांडला, साहेब. चारचौघांत ओरडला, 'तुम्ही नाय टाकलं तर मीच पाण्यात औषध टाकीन!' आता बघा."

धमकी झाली, हेतू मिळाला. पंच बोलावले, टाकीतल्या पाण्याचा नमुना सीलबंद केला आणि पंपवाल्याला ठाण्यात आणलं. सडपातळ, मधल्या वयाचा माणूस. हवालदाराने दरडावून विचारलं, "टाकीत काय टाकलं?"

"औषद," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"कोनी नाय. मीच टाकलं. कोनी टाकीत नव्हतं म्हनून."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी नाना तऱ्हेच्या कबुल्या ऐकल्या. रडत दिलेल्या, शिव्या देत दिलेल्या. पण हा माणूस शेतात खत टाकल्यासारखं सांगत होता. वर मलाच विचारलं, "कमी पडलं का, साहेब?" हवालदाराचा उगारलेला हात मी धरला. माझाही पारा चढला होता, पण काहीतरी खटकत होतं.

तेवढ्यात रुग्णालयातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. फवारणीच्या विषाची लक्षणं दिसत नाहीत, हे जुलाब-उलट्यांचं दुखणं आहे, त्या म्हणाल्या. आणि पहिली बाई काल दुपारपासूनच आजारी होती. पंपवाला टाकीवर चढला आज सकाळी. म्हणजे विषाच्या आधीच विषबाधा! ती पहिली बाई कोण, विचारलं, तर ह्याचीच बायको निघाली. तिला सलाईन चालू होतं आणि ती नवऱ्याला बोलवा म्हणत होती. मी कपाळाला हात लावला. तोवर वरिष्ठांचे फोन सुरू झाले होते, बातमीदार फाटकात जमले होते. आरोपी सापडला आहे तर दाखवत का नाही, असं सगळे विचारत होते. त्याला एकदा कॅमेऱ्यासमोर उभं केलं असतं, तर पुढे निर्दोष सुटला तरी विष घालणारा म्हणूनच ओळखला गेला असता.

त्याचे ओठ सुकले होते. मी हवालदाराला पाणी द्यायला सांगितलं. पंपवाल्याने ग्लास हातात घेतला, नाकाशी नेला आणि विचारलं, "साहेब, ह्यात औषद टाकलंय का?"

हवालदार भडकला. "आम्ही तुला विष पाजू होय रे?"

"टाकलं नसंल तं मना नको," असं म्हणून त्याने ग्लास टेबलावर ठेवला.

हवालदार माझ्याकडे बघतच राहिला. मला मात्र तेव्हा कुठे सुचलं, की सकाळपासून एक साधा प्रश्न आम्ही कुणीच विचारलेला नाही. मी म्हणालो, "बाबा, कुठलं औषध?"

"पांढरं. आमचे गावात पावसाळ्यात इहिरीत टाकतात ना, पानी चांगलं व्हाया, तं. पंचायतीच्या पानीवाल्याकडून मांगून आनलं."

ब्लीचिंग पावडर! बायको आजारी पडल्यावर तो मॅनेजरला तेच तर सांगत होता. प्रयोगशाळेच्या अहवालाने पुढे दुजोरा दिला. बोअरचं पाणीही तपासून घेतलं, तेव्हा दोष त्यातच निघाला. मजुरांच्या संडासाचा शोषखड्डा बोअरला अगदी लागून खणलेला होता.

मॅनेजर हार मानायला तयार नव्हता. "पाणी तपासलेलं आहे, साहेब. रिपोर्ट एकदम ओके आहे."

ह्या वेळी मी चुकलो नाही. "कुठलं पाणी?" मी विचारलं.

"ऑफिसातल्या फिल्टरचं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना आम्ही तेच देतो ना."

मालक आणि मॅनेजरवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. आजारी माणसं सगळी बरी झाली. आदल्या दिवशीचं पंपवाल्याचं बोलणं मॅनेजरला खरंच कळलं नव्हतं, की त्याने कळून घेतलं नव्हतं, ते मला अजूनही सांगता येत नाही. दोन माणसं एकच शब्द बोलतात म्हणून एकच गोष्ट बोलत असतील असं धरून चालू नये, एवढं मात्र मी त्या दिवशी शिकलो. पुढे नवीन पोरांना तपास शिकवताना मी सांगायचो, जबाबात सरळ वाटणारा शब्द आला की आधी 'कुठलं?' म्हणून विचारा.

त्याच दिवशी पंपवाल्याला जीपमधून बायकोपाशी सोडून मी ठाण्यात परतलो. टेबलावर त्याचा ग्लास तसाच भरलेला होता. मला सडकून तहान लागली होती. ग्लास उचलला आणि थांबलो.

"आपल्या टाकीत औषध कधी टाकलं होतं?" मी विचारलं.

हवालदाराने अंमलदाराकडे पाहिलं. अंमलदाराने माझ्याकडे पाहिलं. प्रभारी मीच होतो.