सावलीच्या टोकाशी पुरलेलं मंगळसूत्र

बायकोचं मंगळसूत्र मी अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात स्वतःच्या हाताने पुरलं आणि नेमकं कुठे पुरलं ते मला सापडेना.

चोरी नाही, भांडण नाही. मी शिकत होतो. ऐंशीच्या दशकातली ती पहिली वर्षं. फिनिक्सच्या आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांना सोनं शोधायचं वेड लागलं होतं. शनिवारी मशीन घेऊन डोंगरात जायचे आणि सोमवारी कॉफीच्या टेबलाशी काचेच्या बाटलीतले कण दाखवायचे. यांना जमतं ते पुण्याच्या इंजिनियरला का जमू नये, असं म्हणून मीही कॅटलॉगमधून मेटल डिटेक्टर मागवला.

डांबरी रस्ता संपतो तिथे एका ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, एक म्हातारा राहायचा. उमेदीची वर्षं त्याने खाणीत काढली होती. ऑफिसातल्यांना त्यानेच शिकवलं होतं, मलाही शिकवायला तयार झाला. बोलायचा फार कमी. सरावासाठी, त्याने सांगितलं, मासेमारीच्या गळाचं शिसं घे, दोरा बांध, दोऱ्याचं टोक वर ठेवून पुर आणि त्याचा आवाज ओळखायला शीक. शिशाचा आणि सोन्याचा आवाज जवळजवळ सारखाच. दुसरं, हेडफोनने दोन्ही कान झाकायचे नाहीत, एक कायम उघडा हवा. तिसरं, पांढऱ्या दगडांच्या ढिगापलीकडे जायचं नाही. तिकडे जुन्या खाणींची तोंडं आहेत, कुंपण नाही, काहींवर झुडपं वाढलीत. त्याचा कुत्रा एकदा तिकडे गेला होता. पुढे काय झालं, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तिन्ही गोष्टी मी मन लावून ऐकल्या आणि तिन्ही मोडल्या.

पहिली तर घरूनच मोडून निघालो. बावीस कॅरेट घरात असताना शिसं कशाला पुरायचं? बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती. ड्यूटीवर बारीक साखळी घालायची आणि मोठं मंगळसूत्र तांदळाच्या डब्यात, तळाशी ठेवायची. त्या शनिवारी तिची ड्यूटी होती. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चैत्राचं हळदीकुंकू. दोन-दोन तास ड्राइव्ह करून बायका येणार होत्या आणि ही मोठं मंगळसूत्र घालणार होती. संध्याकाळपर्यंत ते तांदळात परत गेलं की झालं, असा माझा हिशेब.

निघण्याआधी मंगळसूत्र दिवाणखान्यातल्या कार्पेटवर ठेवून त्यावर मशीन फिरवून पाहिलं. एक वाटी तिच्या माहेरची, एक आमच्याकडची. माहेरची स्वच्छ वाजली. आमची जेमतेम कुरकुरली. मशीन नवीन आहे, म्हटलं, होईल सवय.

वाळवंटात मशीन किंचाळत सुटलं. काडतुसांच्या पुंगळ्या, खिळे, बिअरच्या डब्यांच्या कड्या. कचरा गाळायचं एक बटण होतं, ते मी शेवटपर्यंत फिरवलं. लगेच सगळं शांत. त्या शांततेवर मी फार खूश झालो. मग डोकं चाललं, की ढिगापलीकडे कोणी जात नाही म्हणजे तिकडे कचराही नसणार. गेलो.

पलीकडे एकच वाळलेलं झाड होतं. बाकी दगड, आणि सगळे सारखे, त्यामुळे दगडाची खूण ठेवण्यात अर्थ नव्हता. झाडाची सावली मात्र जमिनीवर रेघ मारल्यासारखी पडली होती. तिच्या टोकाशी चार बोटं खोल मंगळसूत्र पुरलं, वर माती सारखी केली आणि गाडीत जाऊन थालीपीठ खाल्लं. पोट भरल्यावर डोळा लागला.

उठलो तेव्हा सावली झाडाच्या दुसऱ्या बाजूला होती.

ग्रहणांची गणितं सोडवलेला माणूस मी. तरी ती सावली तिथेच थांबेल, असं मी मनाशी धरलं होतं.

हेडफोन दोन्ही कानांवर घट्ट बसवले आणि फिरायला लागलो. काही वाजेना. अंदाजाने खणायला लागलो, इथे एक फावडं, तिथे एक. माझ्या मागे एका झुडपाआड खोलगट जागा होती. माती पायात येऊ नये म्हणून मी न बघताच मागे तिच्यात टाकत होतो. तेवढी टापटीप मला आहे.

ऊन उतरायला लागलं. लहानपणी ऐकलेलं आठवत होतं, मंगळसूत्र हरवणं नवऱ्याला वाईट. एरवी मी असल्या गोष्टींना हसतो. त्या दिवशी हसू आलं नाही, कारण ज्याला वाईट तो माणूस तिथे एकटाच उभा होता. मागून पोटऱ्यांना गार वारा लागत होता. एप्रिलच्या वाळवंटात गार वारा, आणि त्याला तळघरासारखा ओलसर वास. मला बरं वाटलं. पाठ वाऱ्याच्या आणखी जवळ नेली, एक पाऊल मागे सरकलो, मग आणखी एक.

कॉलर कोणीतरी पकडली आणि मी तोंडावर पडलो.

म्हातारा होता. ढिगाशी माझी गाडी दिसली म्हणून वर आला होता. हाका मारल्या, मला ऐकू गेल्या नाहीत. त्याने माझ्या कानांवरचे हेडफोन काढले. मुठीएवढा दगड उचलून झुडपाआड टाकला. आम्ही दोघं वाट पाहत राहिलो. आवाज आला नाही. दगड पडल्याचा नाही, पाण्याचा नाही, कसलाच नाही. मग मला माझ्या टाचांचे ठसे दिसले. शेवटच्या ठशापासून कडा वीतभर अंतरावर होती. इतका वेळ मी माती टाकत होतो आणि ती जागा भरली नव्हती, हेही तेव्हाच लक्षात आलं.

त्याने मशीन उचललं, बटण पाहिलं.

“तू कचऱ्याबरोबर सोनंसुद्धा बंद करून ठेवलंस,” तो म्हणाला.

बटण उलटं फिरवून, एक कान उघडा ठेवून त्याने जमीन झाडल्यासारखं मशीन फिरवलं. मी आधीच खणलेल्या एका खड्ड्याशी थांबला. काळ्या मण्यांचा तुटका सर निघाला, त्यात एक वाटी. माझ्याच फावड्याने सर तोडला होता. दुसऱ्या वाटीसाठी उरलेली सगळी माती चाळली. मग त्याने झुडपाकडे पाहिलं, मीही पाहिलं. मी त्या दिशेने वळलो तेव्हा त्याने फावडं आडवं धरलं.

घरी बायको पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्या कुस्करत होती. मी सगळं सांगितलं, वगळावंसं वाटत होतं तेही. तिने हात धुतले, मग वाटी धुतली आणि उरलेले मणी दोऱ्यात ओवायला बसली. खड्डा किती खोल होता, विचारलं. आवाज आला नाही, म्हटलं. ओवणं थांबलं. तुमचे पाय कुठे होते? मी टेबलावर वीत ठेवून दाखवली. तिने त्या वितीकडे पाहिलं. मला वाटलं, रडेल. हात पुढे करणार, तोच तिने दोऱ्याला गाठ मारली.

“आईकडची वाटी राहिली, बास झालं,” ती म्हणाली. “तुमच्याकडची लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या बाबांनी हातात घेऊन सांगितलं होतं, नुसता पत्रा आहे, आत काही नाही. तुम्हाला तेवढं तसं पारखून घ्यायचं त्यांचं राहिलं.”