शिक्का न मारणारा संगणक

बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात अठरा वर्षं मी एकच काम केलं. पंपाचे भाग तपासायचे आणि बरोबर असेल त्याच्यावर हिरवा शिक्का मारायचा. शिक्का नसलेला भाग पुढच्या टेबलावर जाता कामा नये. मग आमच्या कामाला यंत्र आलं. साहेब म्हणाले, सोमवारी जावा या संगणकाच्या भाषेतला छोटा प्रोग्रॅम कमांड टाइप करून जी चालवून दाखवेल, तिला संगणक विभागात घेऊ. उरलेल्यांचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. विचारायची आमची छाती झाली नाही.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला. शिकवणीतून दोन पायऱ्या कागदावर लिहून आणल्या होत्या, आधी कंपाइल, मग रन. पहिली कमांड दिली. काहीच नाही. खालच्या ओळीवर काडी तेवढी लुकलुकत राहिली. पुन्हा दिली, पुन्हा तेच. बरोबर की चूक, काहीतरी बोल की मेल्या!

प्रोग्रॅमच्या पाच ओळी मी दहा वेळा ताडून पाहिल्या. शेवटी वैतागून एक अर्धविराम खोडला, तर लगेच चार ओळींची तक्रार आली. मला हायसंच वाटलं, निदान तोंड तरी उघडलं. अर्धविराम परत घातला आणि पुन्हा मौनव्रत. माझं डोकं चालेना. नोकरी जाणार म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

जेवायला शहरातल्या एचएसआर भागातून मुलगी आली. तिचं कामच हे.

"दुसरी कमांड दिलीस?" तिनं विचारलं.

"पहिलीचंच ओके आलं नाही, तर दुसरी कशी देऊ?"

ती हसत सुटली. "अगं आई, चूक नाही म्हणून गप्प आहे तो. तुझ्यासारखाच. चूक दिसली की तेवढं बोलायचं."

एवढं बोलून ती अवरेकाईच्या शेंगा सोलायला बसली. तिच्या मनात काही नव्हतं, पण मला ते लागलं. दहावीच्या निकालादिवशी गणितातले दोन गुण कुठे गेले, एवढंच मी तिला विचारलं होतं. मग मी दुसरी कमांड दिली आणि प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं माझं वाक्य पडद्यावर आलं. मी मान वर केली नाही.

सोमवारी पहिल्या कमांडनंतर पडदा गप्प राहिला. शेजारची बाई तीच कमांड पुन्हा पुन्हा देत होती. मी दुसरी दिली.

"गुरुवारपासून वरच्या मजल्यावर संगणक विभागात बसा," साहेब म्हणाले.

फाटकाबाहेर येऊन मुलीला फोन लावला. "झालं गं. छान शिकवलंस. तू सगळंच छान करतेस, मी कधी बोलले नाही."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. ऐकलंस का, असं मी विचारलं नाही, फोन कानाला लावून तशीच उभी राहिले.