नात्याचा रकाना

"खरं हाय ते लिवा, सायब. मला काय लपवायचंय?"

काउंटरवर स्लिप सरकवताना मावशी हे म्हणणारच. पैसे काढायच्या स्लिपेत खरं-खोटं लिहायला जागा ती कितीशी! पण लिहिणारा मी आणि सही तेवढी त्यांची, म्हणून हा दम. शेवगावातल्या आमच्या शाखेत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. मिशनच्या बोर्डिंगात त्यांनी तीस वर्षं पोरींसाठी भाकरी थापल्या, नंतर उन्हाळ्यात कुरडया-पापड करून विकले. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. काउंटरपलीकडच्याला आधी जेवलास का विचारतात, मग कामाचं बोलतात.

त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. बहीण गेली तेव्हा तिचं तान्हं पोर यांनी उचललं आणि वाढवलं. तो त्यांना आईच म्हणायचा. पुढे तो नगरसेवक झाला, तेव्हा मावशींनी अख्ख्या शाखेला पेढे वाटले. माझा लेक निवडून आला, असं शिपायापासून मॅनेजरपर्यंत प्रत्येकाला वेगळं सांगितलं. मी दोन पेढे खाल्ले.

मग वरून परिपत्रक आलं. काळा पैसा पांढरा करणाऱ्यांना आळा घालायचाय, तेव्हा लोकप्रतिनिधी आणि त्यांच्या जवळच्या नातेवाइकांची खाती शोधा आणि त्यांवर 'हाय रिस्क'चा शिक्का मारा. कोण कुणाचं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? एका दुपारीत यादी पुरी केली. मावशींच्या नावापुढे, नात्याच्या रकान्यात लिहिलं: नगरसेवकाची आई. मॅनेजरांनी पाठ थोपटली आणि मी खुशीत सगळ्यांना चहा मागवला. सांगताना लाज वाटते, पण मागवला.

तिथून मावशींच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. दर सहा महिन्यांनी फोटो, आधार, उत्पन्नाचा दाखला. ज्यांना खरंच काही दडवायचं असतं त्यांचे कागद कसे चकाचक येतात, ते आम्ही रोज बघतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! एका उन्हाळ्यात मावशींनी कुरडयांचे पैसे भरले आणि वरून विचारणा झाली, ही रोकड आली कुठून? मावशी म्हणाल्या, गव्हाच्या चिकातून. मी हसलो. पण फॉर्मवर तसं लिहायची सोय नव्हती, आणि खातं गोठलं.

नेमकी तेव्हाच नगरच्या दवाखान्यात त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली. भिंत धरल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं. लेक खर्च करायला तयार होता, बँकेत फोन करायलाही तयार होता. मावशींनी दोन्ही करू दिलं नाही. उद्या लोक त्याच्याकडं बोट दाखवतील, म्हणाल्या. तारीख एकदा पुढे गेली, मग दुसऱ्यांदा गेली.

तेव्हा मी डोकं चालवलं. मोठा शहाणा ना मी! परिपत्रकातल्या जवळच्या नातेवाइकांत आईबाप होते, नवरा-बायको होते, मुलं होती, मावशी-भाचा नव्हते. कागदोपत्री तो बहिणीचाच मुलगा. मी कोऱ्या कागदावर माझ्या हातानं लिहिलं, 'सदर नगरसेवक माझा मुलगा नाही व मी त्याची आई नाही.' मावशींनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं, रांगेतल्या चौघांना ऐकू जाईल असं.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"हे खरं हाय का, सायब?"

"कायद्यानं खरंच आहे, मावशी."

त्यांनी सही केली. कागद सरकवत हळूच म्हणाल्या, "त्याला दावू नका."

आठ दिवसांत खातं मोकळं झालं, ऑपरेशनही झालं. काठी न घेता मावशी बँकेत आल्या, तेव्हा मला वाटलं, चला, पुण्य पदरात पडलं. पण पूर्वी दर खेपेला लेकाच्या दोन गोष्टी ऐकवल्याशिवाय न जाणाऱ्या मावशी आता त्याचं नावच काढेनात. फार तर 'आमचे नगरसेवक' म्हणायच्या. एकदा मीच मुद्दाम विचारलं, लेक काय म्हणतो? त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं.

"हितं तसं नका म्हनू. कागद हाय ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो कागद फाडायला हवा होता. नाही फाडला. नोकरी प्यारी होती.

गेल्या थंडीत मावशी वारल्या. पंधरा दिवसांनी त्यांचा नगरसेवक लेक मृत्यूचा दाखला घेऊन आला. खातं बंद करायच्या फॉर्मवर, मयत व्यक्तीशी नाते या रकान्यात त्यानं ठळक लिहिलं: मुलगा. फाईलमधला कागद वेगळंच सांगत होता आणि वरचे लोक दोन्ही ताडून बघणार होते. मी चाचरत तसं सांगितलं. त्यानं कागद मागितला. सापडत नाही म्हणता आलं असतं मला. मी काढून दिला.

त्यानं तो दोनदा वाचला.

"अक्षर कुनाचं?"

"माझं."

"आन आई काय म्हनली?"

"तुम्हाला दाखवू नका म्हणाल्या."

त्यानं मान हलवली. पेन घेऊन 'मुलगा' खोडलं, वर 'भाचा' लिहिलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. खाडाखोड केली की तिच्या शेजारी सही लागते, नाहीतर वरून फॉर्म परत येतो. तेही मीच त्याला सांगितलं.