बिंदू नंबर ४१७२

पंपाच्या बॉडीची रीब, म्हणजे आधाराची कड, दोन मिलिमीटर तासा, असं ओतकामाचे लाकडी पॅटर्न करणाऱ्या रफिकचाचांना फोनवर सांगून अभिनंदन ऐटीत चहाला गेला. परत येतो तर सीनियर नाजियाताई त्याच्या खुर्चीत.

"ताणाच्या चित्रात रीबच्या मुळाशी लालभडक, आणि तुझ्या रिपोर्टात ताण मर्यादेच्या निम्मा. दोघांतलं एक खोटं बोलतंय, अभ्या."

"आकडे काढायची स्क्रिप्ट नीट चालली की ताई. एक एरर न्हाय."

"तेच तर. भांडली असती तर कळलं असतं."

नाजियाताईचे वडील शिवाजी पेठेत शिलाई मशीन दुरुस्त करायचे. गिऱ्हाईकाचं गाऱ्हाणं ऐकण्याआधी चिंधीवर चार टाके घालायचे, चिंधी उलटून बघायचे, मग पुढचे चार. लेक डिप्लोमा करून बारा वर्षं कॉम्प्युटरवर ताणाची गणितं करते, पण सवय तीच. स्क्रिप्टची एक ओळ चालवायची आणि विचारायचं, आता तुझ्या हातात काय आहे?

पहिल्या ओळीला पूर्ण बॉडी हातात होती. दुसरीला शेवटचा, पूर्ण दाबाचा टप्पा. तिसऱ्या ओळीत बिंदू नंबर ४१७२ निवडलेला. ताईनं तो कुठं आहे ते विचारलं. रीबपासून लांब, एका कोपऱ्यात, जिथं काहीच भार नाही.

"गेल्या आठवड्यात हा रीबच्या मुळाशीच हुता," अभिनंदन पुटपुटला.

"आणि आज सकाळी बिंदूंची जाळी बारीक केलीस?"

"व्हय."

"मग सगळ्यांचे नंबर बदलले. नंबर कशाला धरतोस? जागा धर."

तिनं रीबच्या मुळाभोवतीचे सगळे बिंदू जागेवरून निवडले आणि त्यांतला सर्वांत मोठा ताण मागितला. तासलेल्या रीबला एकशे एकाहत्तर. चालतो दीडशे. रीब तासून ओतली असती, तर पंप दाबाखाली कधीही तडकला असता.

अभिनंदननं फोन लावला. "चाचा, थांबा. रीब तासू नका."

"एक बाजू झाली की पोरा. मगापास्नं हात मागं येत हुता. म्हटलं, शिकलेला सांगतोय."

"मग आता?"

"आता काय, लाकडाची पट्टी चिकटवायची, घासायची. अर्धा दिवस गेला. घासायला तूच ये."

"रविवारी येतो की."

त्याला दोन रविवार होऊन गेले. पॅटर्न चाचांनीच घासून फौंड्रीत ओतायला पाठवला. परवा फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "पॉलिश पेपर ठेवलाय. कुठला रविवार म्हणालास?"